पुढचं सत्र उपलब्ध नाही

अकराव्या सत्रात वंदना पहिल्यांदा हसली आणि ईश्वरी चौगुलेला वाटलं, चला, जमलं एकदाचं.

वंदना बार्शीची, वय छत्तीस, घरी शिवणकाम करणारी. पहिल्या सत्रात ती पंधरा मिनिटं नुसती रडली होती. मग हळूहळू बोलती झाली. दोनदा दिवस गेले आणि दोन्हीदा टिकले नाहीत, हे तिनं तिसऱ्या सत्रात सांगितलं. घरात कुणी टोचून बोलत नव्हतं. कुणी त्या विषयावर बोलतच नव्हतं. आठव्या सत्रात ती म्हणाली, "आताशा झोप छान लागते, मॅडम. काही वाटतच नाही कशाचं." दहाव्यात तिनं सांगितलं की तिची कापडाची कात्री, जिला ती नवऱ्यालासुद्धा हात लावू देत नसे, ती तिनं शेजारच्या मुलीला देऊन टाकली. आणि आज ती हसली.

"म्हणजे आता तुम्हाला मोकळं वाटतंय," ईश्वरी म्हणाली. समोरच्याची भावना आपल्या शब्दांत त्याला परत द्यायची, याला त्यांच्या अभ्यासक्रमात प्रतिबिंबन म्हणत, आणि ते नेमकं पडलं की गुण मिळत.

"मोकळं," वंदनानं तो शब्द चाखून बघितल्यासारखा उच्चारला. "हो. मोकळंच म्हणायचं." मग ती किंचित पुढं झुकली. "तुम्ही आत्ता घड्याळ बघितलंत."

"नाही... म्हणजे, वेळ होत आली म्हणून..."

"असू दे. बघा की. संपतच आलंय."

पडदा विझला. खोलीत ईश्वरी, तिची खुर्ची आणि भिंतभर काळी काच उरली. वंदना नावाची बाई जगात कुठंच नव्हती.

पूर्वी समुपदेशनाचे विद्यार्थी एकमेकांवरच हात साफ करून घेत. एकानं दुःखी व्हायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. दुःखी झालेल्याला हसू आवरायचं नाही आणि ऐकणाऱ्याला पुढचा प्रश्न आठवायचा नाही, असा सगळा मामला. बरं, खऱ्या पोळलेल्या माणसासमोर नवखं पोर बसवायचं, तर ते शिकाऊ न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली मान देण्यासारखं. म्हणून मग प्रतिक्लायंट आले. कोल्हापूरच्या या संस्थेत ते येऊन दोन वर्षं झाली होती.

त्यांच्यामागचं शास्त्र समजायला अवघड नाही. माणसाच्या मनाची अवस्था त्याच्या शब्दांत थोडी आणि शब्दांच्या मधल्या जागांत जास्त असते. उत्तर द्यायला तो किती थांबतो, श्वास कुठं तुटतो, चिडतो किती वेळा, उद्याबद्दल बोलतो की नाही. एखाद्या माणसाचं पाच-सहा तासांचं बोलणं मिळालं की यंत्राला त्याची ही घडण सापडते. मग हवामान खातं आजच्या वाऱ्यावरून परवाचं आभाळ काढतं, तसं यंत्र त्या माणसाला आठवड्या-आठवड्यानं पुढं चालवत नेतं. नाव, गाव, चेहरा, धंदा सगळं बदललेलं. चाल मात्र मूळ माणसाची. त्यामुळे प्रतिक्लायंट एकाच जागी अडकलेला नसायचा. तो दर आठवड्याला थोडा सावरलेला किंवा थोडा खचलेला असायचा, आणि समोरचा विद्यार्थी कसा ऐकतो यावरही ते ठरायचं.

मूळ बोलणं विद्यार्थीच गोळा करीत. पहिल्या सहामाहीत प्रत्येकानं एका स्वयंसेवकाशी सहा तास बोलायचं, त्याची लेखी संमती घ्यायची, सगळं रेकॉर्ड करायचं आणि मग त्याचा व्हर्बाटिम लिहायचा. व्हर्बाटिम म्हणजे दोघांचा शब्दन् शब्द, आणि कुणीच बोललं नाही तर ती शांतता किती सेकंदांची, तेही. शिकवणाऱ्या हर्डीकर मॅडम लाल शाईनं त्यातली ओळन् ओळ तपासत. "सल्ला द्यायची हौस असेल तर पोपट घेऊन रस्त्यावर बसा," त्या म्हणायच्या. "इथं फक्त ऐकायचं. शांतता आली तर ती सांभाळायची, मध्ये तोंड घालायचं नाही."

पण ऐकायचं कुणाचं? शिकाऊ मुलीच्या रेकॉर्डरसमोर काळीज उघडायला बसलंय कोण! ईश्वरीला महत्प्रयासानं एक स्वयंसेवक मिळाले होते, उपाहारगृहाचे मालक. त्यांनी दहा मिनिटं स्वतःच्या रक्तदाबाबद्दल सांगितलं आणि भजी जळतील म्हणून ते उठून गेले. तारीख डोक्यावर आली. आणि रोज दुपारी दोन वाजता, सासूबाई आडव्या झाल्या की, जयसिंगपुराहून अक्काचा फोन यायचा.

अक्का म्हणजे स्नेहल, ईश्वरीहून नऊ वर्षांनी मोठी बहीण. आई गेली तेव्हा ईश्वरी सातवीत होती. तिच्या वेण्या घालण्यापासून कॉलेजचा फॉर्म भरण्यापर्यंत सगळं अक्कानं केलं होतं. आता अक्काला बोलायला हक्काचं माणूस असं ईश्वरी हे एकच होतं. दोनदा दिवस गेले, दोन्हीदा टिकले नाहीत. दाजी भले होते, पण त्या विषयावर अवाक्षर काढायचे नाहीत. सासूबाई तर तिच्यासमोर कुणाचं बारसंसुद्धा बोलायच्या नाहीत. सगळे जपत होते आणि त्या जपण्यानं अक्का गुदमरत होती. "तुला म्हणून सांगते गं," ती प्रत्येक फोनला म्हणायची.

ईश्वरीनं फोन स्पीकरवर टाकला आणि रेकॉर्डर सुरू केला. अक्काची झाली 'सौ. ज्योती', आणि संमतीपत्रावरची सही ईश्वरीनं डाव्या हातानं केली. यात फार मोठं पाप आहे असं तिला वाटलं नाही. घरच्या माणसाचं समुपदेशन करू नये, हा नियम तिला पाठ होता. पण आपण कुठं समुपदेशन करतोय, आपण तर नुसतं ऐकतोय, अशी तिनं मनाची समजूत घातली. व्हर्बाटिमला चांगले गुण पडले. अक्काचे फोन येत राहिले.

आणि गंमत म्हणजे, अक्का सुधारत होती. वंदनाच्या दहाव्या सत्रानंतर दोनच दिवसांनी ती फोनवर म्हणाली, "झोप छान लागते गं आताशा. काही वाटतच नाही कशाचं. असू दे म्हणते." ईश्वरीच्या पाठीवर एकदम काटा आला. हे वाक्य आपण कुठंतरी ऐकलंय. पण लगेच तिला बरंही वाटलं. आपण ऐकायला शिकलो, त्याचा हा गुण. तिकडे वंदना सावरतेय, इकडे अक्का. दोघींचं दुःखही एकसारखंच, पण असली दुःखं घरोघरी असतात, म्हणत तिनं काटा झटकून टाकला.

अकराव्या सत्रानंतरच्या गुरुवारी ती बारावं सत्र घ्यायला गेली, तेव्हा काचेवर अक्षरं आली : पुढचं सत्र उपलब्ध नाही. झालं तर मग, वंदना बरी झाली, असं समजून ईश्वरी मैत्रिणींना घेऊन मिसळ खायला गेली. वर्गात आणखी काहीजणांना ही पाटी आली होती. सगळ्यांनी तिचा अर्थ 'पास' असाच लावला होता.

शनिवारी सकाळी वसतिगृहाच्या पत्त्यावर अक्काचं पार्सल आलं. जुन्या ओढणीत गुंडाळलेला आईचा पितळी सोऱ्या. हा सोऱ्या अक्कानं लग्नात हट्टानं सासरी नेला होता आणि दिवाळीत चकल्यांसाठी जाऊबाईंनी मागितला तरी दिला नव्हता. ईश्वरीनं फोन लावला.

"अक्का, मी वसतिगृहात चकल्या पाडू का काय?"

"तुझ्याकडंच असू दे गं," अक्का सहज म्हणाली. "मला कुठं लागतोय आता."

फोन ठेवून ईश्वरी सोऱ्या परत ओढणीत गुंडाळायला लागली. मग तिला कात्री आठवली.

तिनं वंदनाच्या सत्रांची वही काढली आणि फोनमधली अक्काच्या कॉलची यादी शेजारी ठेवून अक्का कधी काय म्हणाली ते जुळवलं. जेवणाला चव लागत नाही, असं वंदना पाचव्या सत्रात म्हणाली होती. अक्का त्यानंतर सोळा दिवसांनी. आता कुणाच्या लग्नकार्याला जावंसं वाटत नाही : सहावं सत्र, आणि सतरा दिवसांनी अक्का. झोप : सोळा दिवस. दहाव्या सत्रातली कात्री आणि आजचा सोऱ्या. तिनं बोटांवर दोनदा मोजलं. सोळा दिवस.

म्हणजे अक्का हसायला अजून सात दिवस होते. पुढचा शनिवार. आणि त्या हसण्याच्या पुढं काय होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण बारावं सत्र निघालंच नव्हतं.

ती चपला पायात अडकवून धावत प्रयोगशाळेत गेली. यंत्राची देखभाल करणारे जमादार सर काच पुसत होते.

"सर, वंदनाची सत्रं संपली, म्हणजे ती बरी झाली ना?"

"बरी झालेली माणसं संपत नसतात," जमादार सर हात न थांबवता म्हणाले. "ती कंटाळवाणी होत जातात. गॅस संपला, पाहुणे आले, सायकल पंक्चर झाली. असली सत्रं हवी तेवढी निघतात."

"मग संपली म्हणजे काय?"

"म्हणजे पुढं आवाजच निघाला नाही. यंत्र एकदाच नाही बघत, चारशे वेळा पुढं चालवून बघतं. हिच्या बाबतीत तीनशे सत्तर वेळा पुढच्या आठवड्यात बोलायला माणूसच सापडलं नाही." ते मीटरचा आकडा वाचावा तसं हे सांगत होते. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि फडका खाली ठेवला. "काय झालं?"

"ही कुणाच्या बोलण्यावरून केलीय?"

"नावं नसतात माझ्याकडं. रेकॉर्डिंग आणणाऱ्याचा हजेरी क्रमांक असतो फक्त." त्यांनी शोधून सांगितला. "तेवीस."

तेवीस क्रमांक ईश्वरीचाच होता.

"माझंच रेकॉर्डिंग मला कसं दिलं?" तिनं विचारलं.

"ते यंत्र ठरवतं. ज्या आवाजाकडं ज्याचा कान कमी, तोच आवाज त्याला द्यायचा, म्हणजे कान तयार होतो. रेकॉर्डिंगवरून कळतं ते त्याला, त्यामुळे प्रत्येकाला आपापलंच परत येतं." जमादार सर जरा घुटमळले. "आणि पुढं चालवताना ऐकणारा पण धरलेला असतो यात. तुम्ही जसं ऐकलंत, तशी ती गेली."

बिचाऱ्यांना काय कल्पना, आपण कुणाला काय सांगतोय त्याची. ईश्वरी एसटी स्टँडकडे निघाली होती.

जयसिंगपूरला पोचायला सव्वा तास लागतो. त्या सव्वा तासात तिनं पहिल्या सहामाहीतला एक धडा मनात पुन्हा पुन्हा घोकला. माणूस अचानक शांत झाला, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटू लागला, तर त्याला सरळ विचारायचं, तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्यानं ते विचार डोक्यात शिरत नाहीत. उलट बोलायला वाट मिळते. परीक्षेत तिनं यावर पानभर उत्तर लिहिलं होतं. अकरा सत्रांत वंदनाला मात्र एकदाही विचारलं नव्हतं. का? वंदना सुधारतेय असं मानणं सोयीचं होतं म्हणून. आणि विचारलं आणि ती 'हो' म्हणाली तर पुढं काय करायचं, या भीतीनं. खिडकीबाहेर उसाचे ट्रॅक्टर जात होते आणि ईश्वरीला स्वतःची इतकी लाज वाटत होती की शेजारच्या बाईनं पुढं केलेले शेंगदाणेसुद्धा तिला घेववेनात.

अक्कानं दार उघडलं. केसांना तेल, नीट वेणी, कुंकू. घर लख्ख आवरलेलं. कपाटाच्या दारावर नेहमी लोंबणाऱ्या साड्यासुद्धा आज घड्या घालून आत गेल्या होत्या.

"अगं, फोन तरी करायचास! भात टाकला असता ताजा. बस, सकाळची आमटी आहे, भाकरी भाजते गरम."

आतल्या खोलीत सासूबाई कॉटवर पडल्या होत्या. दाजी कारखान्यावर गेले होते. अक्कानं ताट वाढलं आणि समोर बसली. ईश्वरीनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला.

"अक्का, तुझ्या मनात जीव द्यायचं येतं का?"

"असलं काय विचारतीस भरल्या ताटावर!" अक्का म्हणाली. पण तिचा हात आमटीच्या वाटीकडे जाता जाता थांबला. "कोण काय म्हणालं तुला?"

"तूच."

"मी? मी कधी म्हणाले?"

आणि मग ईश्वरीनं सगळं सांगितलं. रेकॉर्डर, सौ. ज्योती, डाव्या हाताची सही, काचेतली वंदना, कात्री, सोऱ्या, सोळा दिवस. सांगताना तिला शिकवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. ती नुसती बोलत सुटली. शेवटी उठून अक्कानं हात धुतले, पदराला पुसले आणि हात पुढं केला.

"दाखव. काय लिहिलंयस ते."

ईश्वरीनं फोनवर तपासून आलेला व्हर्बाटिम उघडून दिला. अक्का भिंतीला टेकून वाचू लागली, आधी मनात आणि मग मोठ्यानं, दोघींचे आवाज वेगळे काढून.

"'प्रशिक्षणार्थी : म्हणजे तुला घरात एकटं वाटतंय. क्लायंट : शांतता, अकरा सेकंद.' आणि हे लाल शाईत काय आहे? 'शांतता उत्तम सांभाळली. दहापैकी नऊ.'" अक्कानं मान वर केली. "शांतता?"

"तू काही बोलली नव्हतीस, अक्का."

"फोन पदरात दाबून धरला होता मी. रडत होते. तुला ऐकू जाऊ नये, तुझी परीक्षा आहे, म्हणून. आणि तू तिकडं मोजत बसलीवतीस?"

परदुःख शीतळ म्हणतात, ते उगाच नाही. ईश्वरीला ते रेकॉर्डिंग आठवलं. आता विचार केला तर त्या अकरा सेकंदांत कापडाआडून काहीतरी येत होतं. तेव्हाही येत होतं. यंत्रानं ते ऐकलं होतं. तिनं ऐकलं नव्हतं.

"नऊ!" अक्का एकदम ओरडली. इतक्या वर्षांत ईश्वरीनं तिचा असला आवाज ऐकला नव्हता. "माझं पोर गेलं, त्याचे नऊ मिळाले तुला! आणि मी येडी, तुझ्याशी बोलले की हलकं वाटतं म्हणून दोन वाजायची वाट बघायची!" तिनं फोन भिरकावला. तो फडताळावर आपटून खाली पडला.

"काय झालं गं, स्नेहल?" आतून सासूबाईंनी विचारलं.

या घरात या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं होतं : काही नाही, आई. अक्कानं तोंडही उघडलं ते म्हणायला. मग ती थांबली.

"लई काय झालंय, आई," ती म्हणाली. "या इकडं. तुम्ही पण ऐका."

सासूबाई वॉकर सरकवत बाहेर आल्या आणि खुर्चीत बसल्या. अक्का उभ्यानंच बोलत राहिली. ती चिडून बोलली, रडून बोलली, सासूबाईंना बोलली, ईश्वरीला तर लाखोली वाहिली. मध्येच कधीतरी तिनं त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. "हो, येतं मनात. रोज येतं. आणि आता ठरलंय म्हटल्यावर झोप पण लागती. पुढच्या शनिवारी हे कारखान्याच्या कामाला पुण्याला जाणार आहेत."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. "मला वाटायचं, विषय काढला तर तुला दुखेल," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा माझ्या डोळ्याला डोळा नव्हता लागला, पोरी. मी पण दोन नातवंडं गमावलीत की."

अक्का त्यांच्या पायाशी मटकन बसली. ईश्वरीनं दाजींना फोन केला. ते आले ते कारखान्याच्या कपड्यांतच, आणि त्यांनी अक्काची चप्पल आणून तिच्या पायापाशी ठेवली. त्याच दुपारी सगळे सांगलीला मानसोपचार तज्ज्ञांकडे गेले. डॉक्टरांनी अक्काशी तासभर बोलून औषधं दिली, तिला एकटं ठेवायचं नाही म्हणून बजावलं आणि चौथ्या दिवशी परत बोलावलं. पुण्याचं काम दाजींनी रद्द केलं.

परतताना अक्का गाडीत ईश्वरीशेजारी बसली होती. "मी तुला माफ केलंय असं समजू नकोस," ती म्हणाली. "लई राग आलाय तुझा."

"येऊ दे," ईश्वरी म्हणाली. आयुष्यात कुणाच्या रागानं तिला इतका आनंद झाला नव्हता. वंदना अकरा सत्रांत एकदाही चिडली नव्हती.

सोमवारी सकाळी ती हर्डीकर मॅडमसमोर उभी राहिली आणि खोट्या सहीसकट सगळं सांगून टाकलं. आता आपल्याला संस्थेतून काढणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. मॅडमनी चष्मा काढला. टेबलावरचा व्हर्बाटिमचा गठ्ठा त्यांनी पुढं ओढला.

"बत्तीस विद्यार्थी," त्या म्हणाल्या. "प्रत्येकी सहा तास. अनोळखी पोरांसमोर मन उघडायला इतकी माणसं आली कुठून, असा प्रश्न मला दोन वर्षांत एकदाही पडला नाही. मी आपली शांततेला गुण देत बसले." त्या उठल्या. "तुझ्या सहीचं नंतर बघू. आधी चल."

वर्ग नुकताच भरला होता. मॅडमनी हजेरी घेतली नाही, पुस्तक उघडलं नाही.

"पहिल्या सहामाहीत कुणी कुणी घरच्यांचं बोलणं नाव बदलून दिलं? खरं सांगा. कुणाचे गुण जाणार नाहीत."

मग ईश्वरीनं हात वर केला. तिच्या मागं एक हात वर झाला, मग खिडकीकडचे दोन, मग रांगच्या रांग. कुणाची आई होती, कुणाचा मामा, कुणाची वहिनी. सत्तावीस हात वर झाले तसा मॅडमचा चेहरा पांढरा पडला.

"आता ज्यांच्या क्लायंटची पुढची सत्रं उपलब्ध नाहीत, त्यांनीच हात वर ठेवा. बाकीच्यांनी खाली घ्या."

हात खाली गेले. ईश्वरीचा धरून पाच राहिले. त्या पाटीवर त्यांनी पार्ट्या केल्या होत्या, त्यामुळे मॅडम असं का विचारताहेत ते बाकीच्या चौघांना कळेना. मॅडमनी जमादार सरांचं म्हणणं दोन वाक्यांत सांगितलं. शेवटच्या बाकावर कुणाची तरी पाण्याची बाटली पडली आणि ती कुणीच उचलली नाही.

"बाहेर जा आणि फोन करा," मॅडम म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता."

ईश्वरीही त्यांच्याबरोबर व्हरांड्यात आली. पहिल्या मुलीचा फोन लागला. "काही नाही गं आई, सहज केला," ती म्हणाली आणि हुंदका आवरायला तिनं खांबाकडे तोंड फिरवलं. दुसऱ्याच्या मामानं उचलला. तिसरीची वहिनी बाजारात होती, तिच्यामागं भाजीवाल्यांचा ओरडा ऐकू येत होता. चौथा मुलगा यशोधन घाटगे. वर्गातला सगळ्यात वात्रट, सगळ्यात बोलका. त्याचे बाबा निवृत्त मास्तर, गडहिंग्लजला एकटेच राहायचे. त्यानं फोन कानाला लावला, थांबला, खाली घेऊन बघितला आणि परत लावला. व्हरांड्यातले सगळे आवाज एकेक करून बंद झाले. आता त्याच्या फोनमधली रिंग तेवढी सगळ्यांना ऐकू येत होती.

"बाबा झोपलेले असतील," तो म्हणाला. कुणी त्याला काही विचारलं नव्हतं. सकाळचे अकरा वाजले होते.

त्यानं तिसऱ्यांदा नंबर लावला. ईश्वरी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. तिनं नुसता त्याचा दंड धरला. त्याला शेजाऱ्यांचा नंबर शोधायचा होता, पण तो पुन्हा पुन्हा बाबांचाच नंबर उघडत होता, म्हणून तिनं फोन घेतला आणि ती शोधू लागली. मॅडम गाडीची किल्ली घेऊन जिना उतरायलाही लागल्या होत्या.